पाच पिनांचा कीबोर्ड

तात्या, तुमचा कीबोर्ड चालू झाला. गेल्या आठवड्यात, दुपारी, बारामतीत, मी ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो तिथं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आणि तुम्हाला सांगावं असं माझ्या हातून एवढ्या काळात पहिल्यांदाच काहीतरी झालं, म्हणून लिहायला बसलो. खरं तर त्याच कीबोर्डवर लिहिणार होतो. पण आमच्या त्या मशीनला मराठी अक्षरं येत नाहीत, आणि इंग्रजी अक्षरांत 'तात्या' लिहून बघितलं तर ते कुणा परक्या माणसाचं नाव वाटायला लागलं. म्हणून हा कागद. आणि या कागदावर एक गोष्ट कबूलही करायची आहे. तुमच्या कीबोर्डचं मी एकदा जे केलं ते घरात कुणाला माहीत नाही. ते तुम्हाला तरी सांगून टाकावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप. पण मला ते एकदम सांगता येणार नाही, तेव्हा जरा लांबून येतो.

इंदापूरचं आपलं स्वयंपाकघर. कारखान्याच्या टाइम ऑफिसातला पहिला कॉम्प्युटर भंगारात निघाला तेव्हा साहेबांना विचारून तुम्ही त्याचा कीबोर्ड तेवढा घरी आणलात. पडदा नाही, डबा नाही, नुसता कीबोर्ड, पोत्यात घालून सायकलला बांधलेला. आई म्हणाली, "आन् बाकीचं काय मागनं येणार हाय का?" तुम्ही म्हणालात, "न्हाय, एवढंच." दुसऱ्या दिवसापासून सकाळी आंघोळ करून तुम्ही चुलीसमोर बसायला लागलात, पुढं पाट, पाटावर कीबोर्ड, आणि डोळे समोरच्या भिंतीवर. ऑफिसात नवी पोरं आली होती, ती बटणांकडे न बघता टाइप करायची. तुम्हाला ते चाळिशीनंतर शिकायचं होतं. वायरचं काळं वेटोळं परातीच्या कडेला पडलेलं असायचं आणि तिच्या टोकाचा तो जाडजूड गोल प्लग, पाच पिनांचा, पिठात लोळायचा. कशालाच जोडलेला नाही. खटक, खटक, खटक. आईच्या भाकरीची थापटणी आणि तुमची बटणं, एका तालात आली की मला अंथरुणात हसू यायचं. आई विचारायची, "कुठं जातंय वो ते समदं?" तुम्ही भिंतीवरची नजर न काढता म्हणायचात, "कुठं न्हाय. बोटात ऱ्हातंय." "मग भाकरी बोटालाच घालू का?" तुम्ही हसायचात आणि तेवढ्यात बोट चुकायचं. चुकलं हे तुम्हाला कळायचं कसं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. पडदाच नव्हता की.

त्याच वर्षी तुम्ही गेलात. ड्युटीवरून येताना, एसटीत, बसल्या जागी. कंडक्टरनं तिकीट विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही. कारखान्यानं तुमच्या जागी आईला शिपाई म्हणून घेतलं. तुम्ही जिथं पगारपत्रकं काढायचात त्याच टेबलांवर ती आता पाण्याचे ग्लास ठेवते. कीबोर्ड तिनं तुमच्या आकाशी बुशशर्टात गुंडाळला, वरून सुतळी बांधली आणि ट्रंकेत तळाला घातला. शर्ट वापरायचा नाही आणि कीबोर्ड विकायचा नाही, असा एका गाठीत दोन गोष्टींचा निकाल.

तुम्ही असता तर माझं कॉलेज सुटलं नसतं, असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही. सुटलंच असतं, फक्त कानाखाली वाजून सुटलं असतं. दुसऱ्या वर्षाला होतो. लॅबच्या बाहेर चपला काढून आम्ही पंधरा जण एका मशीनभोवती उभे राहायचो आणि बटणं एकटे सर दाबायचे. एक दिवस मी दोघांच्या मधून हात घातला आणि एंटर दाबला. सर म्हणाले, "बापाचा माल आहे का?" माझा बाप असल्याच मशीनवर अख्ख्या कारखान्याचा पगार काढायचा, असं मी म्हणालो. साध्या आवाजात म्हणालो असतो तर प्रकरण मिटलं असतं. मी जर्नल खिडकीतून बाहेर भिरकावलं आणि त्याच्या मागोमाग मीही बाहेर पडलो, दारातून. दारात माझीच चप्पल सापडेना. राग असा की शोधायलाही थांबलो नाही, अनवाणी स्टँडपर्यंत गेलो. माफी मागितली असती तर परत घेतलं असतं म्हणतात. दोन वर्षं झाली, अजून मागितलेली नाही. आणि आता सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो, की त्या दिवशी डोकं आधीच फिरलेलं होतं. सकाळी एसटीत ती माझ्याकडं न बघता पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. ती म्हणजे निमगाव केतकीला चढणारी. आमच्याच शाळेतली, मग आमच्याच कॉलेजातली. माझं कॉलेज सुटलं, तिचं चालू आहे. बारामतीची सकाळची एसटी मी अजून तीच धरतो. दुकान दहाला उघडतं आणि मी आठला दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो, याचं कारण मालकांनी अजून विचारलेलं नाही.

दुकानाचे मालक आधी रेडिओ दुरुस्त करायचे. आता पुढं क्लास आणि मागं दुरुस्ती. मला ते पैलवान म्हणतात, कारण पहिल्याच आठवड्यात माझं एका गिऱ्हाइकाशी वाजलं होतं. पुढच्या वर्षी दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार असं लोक बोलतात, त्यामुळं आम्हाला कामाला तोटा नाही. या दुकानात मला एका मासिकाबरोबर फुकट आलेली एक सीडी मिळाली. लिनक्स. तात्या, हे तुम्हाला कसं सांगू? कॉम्प्युटर ज्यावर चालतो ती सगळी व्यवस्था जगातल्या माणसांनी आपापल्या घरी बसून लिहिली, एकमेकांना पाठवली, दुरुस्त केली आणि ठेवून दिली, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी म्हणून. कुलूप नाही. आतलं सगळं उघडून वाचता येतं. मी वाचलं. निम्मं कळलं नाही, पण वाचू दिलं हेच मला पुष्कळ वाटलं, कारण मला लॅबमध्ये एंटरसुद्धा दाबू दिला नव्हता. त्या सीडीवर कीबोर्डवर एक लांबलचक लेख आहे. जुने कीबोर्ड, नवे कीबोर्ड, मोठा गोल प्लग, लहान गोल प्लग, कोणतं बटण दाबलं की वायरीतून काय जातं. ज्याला मी जन्मात भेटणार नाही अशा माणसानं ते बसून लिहिलंय, आणि मी ते बारामतीत वाचतोय. वाचता वाचता तुमचा पाट डोळ्यांसमोर आला. घरी जाऊन आईला म्हणालो, तात्यांचा कीबोर्ड आमच्या नव्या मशीनवर चालेल बहुतेक. आई भाकरी टाकायची थांबली. म्हणाली, "आवाज यील का त्याचा? तसाच?" मी म्हणालो येईल. तिनं स्वतः ट्रंक उपसली आणि ते गाठोडं माझ्या हातात दिलं. "रविवारी येती मी दुकानात. मला ऐकव."

गाठोडं सोडायची तिला गरज वाटली नाही. मी मात्र ते घट्ट धरून उभा राहिलो, कारण आत काय आहे ते मला माहीत होतं.

दहावीचं वर्ष होतं. ती तेव्हाही निमगावाहून यायची आणि मला तेव्हाही झोप लागत नव्हती. तिला गाण्यांची कॅसेट भरून द्यायची असं मी ठरवलं. शेजाऱ्यांकडं दोन टेप होते, पण एकातलं दुसऱ्यात उतरवायला मधे वायर लागते, ती नव्हती. कुणीतरी म्हणालं, पुण्याला मिळेल. पुण्यापर्यंत कोण थांबतंय? टेपच्या मागं बघितलं तर गोल भोक, पाच पिनांचं. मी ट्रंक उघडली, तुमचा कीबोर्ड तसाच घेऊन गेलो, बंद टेपला प्लग लावून बघितला, तर तो असा बसला की जसा त्यासाठीच केलाय. गोल पाच पिना म्हणजे जगात एकच गोष्ट असणार, असं मला वाटलं. घरी येऊन आईची विळी पायाखाली धरली आणि तुमच्या कीबोर्डची वायर कापली. एक वीतभर कीबोर्डला ठेवली, बाकीची नेली आणि कापलेल्या टोकाच्या तारा सोलून दुसऱ्या टेपच्या भोकात खुपसल्या. परत शर्टात गुंडाळून तशीच सुतळी बांधली, तशीच गाठ मारली. गाणी उतरली, पण प्रत्येक गाण्याखाली गूंऽऽ असा एक आवाज होता, जणू कुणीतरी तोंड मिटून रागावलंय. स्टँडवर तिच्या हातात कॅसेट दिली. दुसऱ्या दिवशी तिनं ती परत आणून दिली. "आमच्यात टेप न्हाय," ती म्हणाली, "नुसता रेडिओ हाय." तेवढं एक वाक्य. त्यासाठी तुमची वायर गेली, तात्या. तो प्लगही पुढं शेजाऱ्यांच्या टेपबरोबर कुठंतरी गेला.

हे ते.

मालकांनी गाठोडं सोडलं आणि आधी शर्टाची घडी घालून बाजूला ठेवली, हे मला आवडलं. मग वायरचं टोक बघितलं. "पैलवान, हिचा गळा कुणी कापला?" मी म्हणालो, मी. "इतका सरळ कापलाय म्हणून ईचारलं. विळी का?" व्हय म्हणालो. त्यांना सांगताना काहीच वाटलं नाही. परक्याला सांगणं किती सोपं असतं. त्यांनी भंगाराच्या खोक्यातून एका मेलेल्या नव्या कीबोर्डची वायर काढली, लहान प्लगवाली, आणि म्हणाले, "ही जोड. पर रंगावर जाऊ नको. लाल ती लाल आसं आसत न्हाय, परत्येकाचा रंग येगळा. मीटर लाव, कुठली कुठं जाती ती बघ, मग सोल्डरचा डाग दे." दोन दुपारी गेल्या. एका तारेतून वीज येते, एक जमिनीची, एकीवरून मजकूर जातो आणि चौथी नुसता ठेका धरते. चार तारा. तुम्ही जे काही कधी टाइप केलंत, हजारो माणसांची नावं, हजेऱ्या, रजा, ते सगळं केसाएवढ्या चार तारांतून एकामागं एक गेलं होतं. मी हातात धरून बघत बसलो. कीबोर्ड उघडला तेव्हा बटणांखाली पीठ होतं. ज्वारीचं. मी ब्रशनं झाडून टाकलं, आणि झाडून झाल्यावर लक्षात आलं की जरा थांबायला पाहिजे होतं.

जोडला. मशीन चालू केलं. पडद्यावर आलं: कीबोर्ड नाही, पुढं जायला एफवन दाबा. मालक खोखो हसले. "दाब की! कीबोर्ड न्हाय म्हनतंय, आन् बटन दाब म्हनतंय." मला हसू आलं नाही. पुन्हा सगळे डाग तपासले, मीटर लावला, ठीक. तरी मुका. शनिवारची दुपार झाली होती आणि दुसऱ्या दिवशी आई येणार होती. मला पक्कं वाटलं की त्या दिवशी टेपमधून वीज उलटी शिरली असेल आणि तो गूंऽ म्हणजे तुमचा कीबोर्ड मरतानाचा आवाज असेल. टेप चालू असताना कीबोर्ड त्याला जोडलाच नव्हता, नुसती कापलेली वायर जोडली होती, हे डोक्यात शिरायला मला अर्धा तास लागला. मी उठलो आणि कीबोर्ड टेबलावर आपटणार होतो. खरंच. उचललासुद्धा. मालक म्हणाले, "आपट. पर आपटायच्या आधी उलटा करून बघ, खाली काय चिकटवलंय."

खाली जखमेवर लावतात तसली चिकटपट्टी होती, मळून कीबोर्डच्याच रंगाची झालेली. तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं, पुसट: हलवू नये. तुमचं अक्षर. 'ह'ची शेपटी लांब ओढायची तुमची सवय. आठ वर्षांनी तुमचं नवं अक्षर वाचायला मिळेल असं मला स्वप्नातही नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग आठवलं. तिसरीत असताना तुम्ही मला सुट्टीत ऑफिसात नेलं होतं. तुम्ही साहेबांकडं गेलात आणि मी कीबोर्ड उलटा केला. खाली एक चिमुकला खटका होता, नखानं सरकणारा. मी सरकवला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर एकही बटण बोलेना. अर्धा दिवस टाइम ऑफिस बंद. तो खटका तुम्ही स्वतः शोधून काढलात आणि घरी आल्यावर मला मारलं नाहीत. समोर बसवलंत. "जे कळत न्हाय ते हलवायचं न्हाय. आधी बघायचं, लई येळ बघायचं, मग हात लावायचा. तुझा हात डोळ्याच्या आधी जातोय." नंतर ही पट्टी लावली असणार. माझ्यासाठी लावलेली पट्टी.

लेखात लिहिलंच होतं: जुन्या मशीनची बोली वेगळी, नंतरच्या मशीनची वेगळी, आणि काही कीबोर्डांना दोन्ही येतात, खाली खटका असतो. मी ती ओळ वाचून पुढं गेलो होतो. पट्टी मी ओढून काढली नाही. पाण्याचं बोट लावून लावून, कडेनं सोडवली. आता ती माझ्या पाकिटात आहे. खटका सरकवला, मशीन चालू केलं, आणि तुमच्या कीबोर्डचे दिवे एकदम लागले आणि विझले, जसं कुणी झोपेतून उठून डोळे उघडझाप करावेत. लिनक्सनं नाव विचारलं. आपण कोण, ते आधी टाइप करायचं असतं. मी तुमचं नाव टाइप करणार होतो. ठरवून ठेवलं होतं. बोटांनी निमगावच्या तिचं केलं. खटक खटक खटक, तोच आवाज, तात्या, अगदी तोच, आणि पडद्यावर तिचं नाव. मशीननं ते मुकाट्यानं घेतलं आणि खाली परवलीचा शब्द विचारला. काय देणार? काहीतरी दिला. उत्तर आलं, चुकीचं आहे. मालक मागून वाचत होते. म्हणाले, "मशीनला बी कळालं."

मग नीट आत शिरलो. त्यात एक छोटी आज्ञा आहे, ती दिली की प्रत्येक बटणाची नोंद पडद्यावर उमटते. एक बटण दाबलं, ओळ आली: दाबलं. बोट उचललं, दुसरी ओळ आली: सोडलं. मला वाटायचं मशीनला फक्त दाबलेलं कळतं. त्याला बोट गेलेलंही कळतं, आणि तेही ते तितक्याच काळजीनं लिहून ठेवतं. मी एकेक बटण दाबत गेलो, सोडत गेलो. तुमच्या कीबोर्डचं एकही बटण मेलेलं नाही. तुमच्या वेळची मशीनं भंगारात जाऊन वितळली, ती कामं संपली, तुम्ही नाही, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी अनोळखी माणसांनी हे जुनं यंत्र बोलेल तेव्हा त्याचं ऐकता यावं म्हणून आधीच सोय करून ठेवलेली. कुणी सांगितलं होतं त्यांना? मी देवळात कधी गेलो नाही, आपल्या घरात ती रीत नाही. पण त्या दुपारी मी हात जोडले असते, कुणाकडं बघून जोडायचे ते कळलं असतं तर.

रविवारी आई आली. पातळाचा पदर आवरून खुर्चीत बसली, डोळे मिटले. "कर." मी टाइप करायला लागलो. "असं न्हाय. लई पळतोस तू. त्यांचं हळू व्हतं. आन् मदीच थांबायचे, भाकरी फुगली का बगायला." मी हळू केलं, मधे थांबलो. "हां," ती म्हणाली. मग डोळे उघडून तिनं कीबोर्डवरून हात फिरवला, आणि हात फिरत फिरत वायरवर आला. "ही वायर अशी नव्हती. काळी व्हती, येटोळ्याची."

मालक समोरच होते. मी म्हणालो, "उंदरानं खाल्ली."

"आगं बाई! ट्रंकंत?" आणि मग आईनं त्या उंदराला जे धरलं! त्याचं वाटुळं व्हईल, त्याचं दात झडतील, त्याच्या जल्माला काय अर्थ हाय, माझ्या मानसाची येक वस्तू व्हती ती बी मेल्यानं सोडली न्हाय. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. एकही शब्द चुकीच्या पत्त्यावर गेला नाही. मालक पेचकस पुसत शांतपणे म्हणाले, "उंदीर लई माजल्यात आक्का, ह्या भागात." परत जाताना आईनं बाजारातून पिंजरा घेतला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती त्यात भाकरीचा तुकडा लावते आणि सकाळी उठून आधी पिंजरा बघते. आजही रिकामा होता. "शाना हाय मुडदा," म्हणाली.

आईला खरं सांगायचं आहे. रोज एसटीत वाक्य तयार होतं आणि निमगाव आलं की मोडतं. म्हणून आधी तुम्हाला लिहावं, तुमच्यापासून सुरुवात करावी, असं ठरवलं. हे पत्र कुठं टाकणार, कुठंच नाही, घडी करून ठेवीन. पण तात्या, या पत्राचा हा दुसरा कागद आहे. पहिला मी फाडला. त्यात तुम्हालासुद्धा उंदीरच लिहिला होता.